एकच नाव, जहाजं किती? पेरूच्या 'अल्मिरांते ग्राउ' युद्धनौका ओळखायच्या कशा?

काठावरचा

पेरूच्या नौदलातल्या 'अल्मिरांते ग्राउ' या नावाच्या युद्धनौकांची यादी करायला घेतली, पण आकडा काही जुळत नाही. कुठे तीन लिहिलंय, कुठे चार, एका ठिकाणी पाच. नाव ज्यांचं आहे ते पेरूचे नौदल अधिकारी मिगेल ग्राउ ८ ऑक्टोबर १८७९ ला चिलीविरुद्ध आंगामोसच्या लढाईत 'वास्कर' या चिलखती नौकेवर मारले गेले, इथपर्यंत सगळं स्पष्ट आहे. घोळ पुढे आहे.

समोर चार फोटो आहेत. चारही फोटोंखाली 'अल्मिरांते ग्राउ' आणि वर्ष, बाकी काही नाही.

पहिला, १९१०. दोन बारीक धुराडी, पुढे एक मोठी तोफ, मागे एक.
दुसरा, १९७४. पुढे दोन टरेट (तोफांचे फिरते बुरूज), मागे एक. प्रत्येक टरेटमध्ये तीन नळ्या.
तिसरा, १९८७. पुढे दोन टरेट, प्रत्येकात दोन नळ्या. मागे तोफच नाही, खोक्यासारखी उंच इमारत आणि तिच्यामागे मोकळा डेक.
चौथा, १९९५. पुढे दोन आणि मागे दोन टरेट, प्रत्येकात दोन नळ्या.

दुसरं आणि चौथं जहाज वेगळं आहे हे नळ्या मोजूनच कळतं. मग मधलं ८७ चं कुठलं? आणि यातल्या कुठल्या ओळी चुकीच्या आहेत?

सुकाणू

यादी सोपी आहे. या नावाची चार जहाजं.

पहिलं १९०७ चं. बॅरोच्या व्हिकर्स कारखान्यात बांधलेली छोटी क्रूझर, साधारण ३,१०० टन, ६ इंची दोन तोफा, वेग २४ नॉट. 'कोरोनेल बोलोन्येसी' ही तिची जोडीदार. बांधताना कोळशावर चालणारी, १९२०च्या दशकात तेलावर आणली, आणि १९५८ पर्यंत सेवेत होती. दुसरं म्हणजे ब्रिटिशांची 'न्यूफाउंडलंड', डिसेंबर १९५९ ला ग्राउ झाली. तिसरं डच 'दे राउटर', मे १९७३ ला घेतलं, सप्टेंबर २०१७ ला निवृत्त. चौथं सध्याचं, २०१७ पासून, एक फ्रिगेट.

तुमचा तिसरा फोटो ग्राउचा नाहीच. मागे हेलिकॉप्टरचं हँगर असलेली ती 'आगिरे', दे राउटरची बहीण, म्हणजे त्याच आराखड्याचं दुसरं जहाज. फोटोखालची ओळ चुकली आहे, खोडून टाका.

तांडेल

जहाज आगिरेच, यात शंका नको. मागचं खोकं का आलं ते सांगतो, म्हणजे पुन्हा गोंधळ होणार नाही.

दोघी डच बहिणी मुळात सारख्या होत्या: १५२ मिलिमीटरच्या आठ बोफोर्स तोफा, दोन-दोनच्या चार टरेटमध्ये, दोन पुढे दोन मागे. धाकटीचं डच नाव 'दे झेव्हेन प्रोव्हिन्सियन'. १९६२ ते ६४ मध्ये तिच्या मागच्या दोन्ही टरेट काढून त्या जागी टेरियर ही अमेरिकन विमानविरोधी क्षेपणास्त्रं बसवली. १९७६ ला पेरूने ती घेतली तेव्हा टेरियर त्यांना मिळणार नव्हती. मग क्षेपणास्त्रांची सगळी यंत्रणा उतरवली आणि त्या रिकाम्या जागेत तीन सी किंग हेलिकॉप्टरांसाठी हँगर आणि डेक केला. म्हणून पुढून बघितलं तर ग्राउ, मागून बघितलं तर वेगळंच जहाज.

नुसता पुढचा अर्धा भाग फोटोत असेल तर मात्र नाव सांगायची घाई करू नका.

मचवा

चौथ्या फोटोबद्दल वाद नाही. पण दुसऱ्याकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. तीन नळ्यांच्या तीन टरेट म्हणजे न्यूफाउंडलंड, ते बरोबर. पण वर्ष १९७४ आहे!

दे राउटर मे १९७३ ला ग्राउ झाली. एका ताफ्यात एका नावाची दोन जहाजं ठेवत नाहीत. हुकूम, संदेश, कोठारातल्या नोंदी, सगळ्यांचा विचका होईल. म्हणून त्याच महिन्यात न्यूफाउंडलंडचं नाव काढून घेतलं आणि तिला 'कापितान किन्योनेस' केलं. त्या नावानेच ती १९७९ पर्यंत राहिली.

म्हणजे फोटो १९७३ च्या मे आधीचा असेल तर नाव बरोबर आणि वर्ष चूक. वर्ष बरोबर असेल तर नाव चूक. दोन्ही एकदम बरोबर असू शकत नाहीत.

काठावरचा

मचवा, हे ध्यानातच आलं नव्हतं. हा फोटो सगळ्यात नीट वाटत होता!

शिडातला_वारा

एक शंका. उच्चार 'ग्रौ' की 'ग्राउ'? आणि पेरूच्या नौदलाच्या बंदराचं नाव 'काल्लाओ' लिहायचं का?

प्राजक्ता_नि

ग्राउ, दोन स्वर वेगळे ऐकू येतात असा. बंदर 'कायाओ', स्पॅनिशमध्ये दोन एलचा 'य' होतो. 'वास्कर' मध्ये सुरुवातीचा एच गप्प. 'किन्योनेस' मध्ये एनवर लाट असते म्हणून 'न्य'. नावाआधीचं बी.ए.पी. म्हणजे बुके आर्मादा पेरुआना, आपल्या आय.एन.एस. सारखं.

किन्योनेस नौदलाचे नव्हते हेही सांगते. होसे आबेलार्दो किन्योनेस वैमानिक होते, २३ जुलै १९४१ ला इक्वाडोरविरुद्धच्या लढाईत गेले. बोलोन्येसी लष्कराचे कर्नल, ७ जून १८८० ला आरिकाच्या टेकडीवर शेवटचं काडतूस संपेपर्यंत लढून पडले. पेरूच्या क्रूझरांवर तिन्ही दलांची नावं होती, आणि नौदलाच्या ग्राउंचं नाव मात्र ध्वजनौकेला.

मचवा

बोलोन्येसीचं नाव निघालंच आहे तर दुसऱ्या फोटोसाठी आणखी एक सावधगिरी. १९०७ ला ग्राउ-बोलोन्येसी ही जोडी आली. १९५९-६० ला न्यूफाउंडलंडबरोबर तिची बहीण 'सिलोन' घेतली, तिला बोलोन्येसी नाव दिलं. म्हणजे अख्खी जोडीच्या जोडी नव्या लोखंडावर चढली. तीन टरेट, नऊ नळ्या, सरळ उभी दोन धुराडी, दोघींची ठेवण एकच. नाव किंवा क्रमांक वाचता येत नसेल तर 'ग्राउ किंवा बोलोन्येसी' एवढंच लिहा. ठामपणे लिहिलेली चूक पुढच्या दहा ठिकाणी जाते.

दीपमाळ

न्यूफाउंडलंडचा पूर्वेतिहासही लिहा यादीत. १९४१ ला जलावतरण, १९४३ ला सेवेत. त्याच वर्षी भूमध्य समुद्रात पाणतीर लागला, दुरुस्ती थेट बोस्टनला. १९४५ ला जपानच्या शरणागतीच्या वेळी टोकियोच्या उपसागरात हजर. १९५६ ला सुएझच्या आखातात इजिप्तची 'दोमियात' ही फ्रिगेट तिने रात्री बुडवली. ती दोमियातसुद्धा मूळची ब्रिटिशच, 'निथ'.

सुकाणू

पेरूने १९७३ ला अदलाबदल का केली याचं उत्तर तोफखान्यात आहे. नळ्या नऊच्या आठ झाल्या म्हणून बळ घटलं असं समजू नका.

न्यूफाउंडलंडच्या ६ इंची तोफा माणसांच्या हाताने भरायच्या. सराव चांगला असेल तर एका नळीतून मिनिटाला ६ ते ८ गोळे. नऊ नळ्यांचे ५४ ते ७२. दे राउटरच्या बोफोर्स तोफा यंत्राने भरल्या जायच्या, नळीमागे मिनिटाला १५. आठ नळ्यांचे १२०. बोफोर्सचा गोळा थोडा हलका, ४६ किलोच्या आसपास, ब्रिटिश गोळा ५१ किलोचा. तरीही मिनिटभरात फेकलेलं वजन मांडा: एकीकडे जास्तीत जास्त ३,७०० किलो, दुसरीकडे साडेपाच हजार. शिवाय बोफोर्सची नळी ६० अंशांपर्यंत वर जायची, म्हणजे विमानांवरही मारा.

यात अडचणही आहे. असा वेग धरला की गोळे खालच्या कोठारातून वर आणणारे पाळणे, भरणारे हात, विजेच्या मोटारी, यातलं एक जरी अडलं तरी अख्खी टरेट गप्प. हाताने भरायच्या तोफेत एक माणूस दमला तर दुसरा उभा राहतो. यंत्राला सुटा भागच लागतो, आणि १९५३ च्या यंत्राचा सुटा भाग १९९० नंतर कोण बनवून देणार?

तांडेल

त्या तोफांची गोष्ट तर आणखी पुढे जाते. डचांनी युद्धाआधी या क्रूझरांसाठी बोफोर्सकडे तोफा मागवल्या होत्या. १९४० ला हॉलंड पडलं आणि त्या तोफा स्वीडनने स्वतःकडे ठेवून आपल्या 'त्रे क्रोनोर' वर्गाच्या दोन क्रूझरांवर चढवल्या. त्यातली 'योता लेयोन' १९७१ ला चिलीने विकत घेतली.

आता चिलीने तिला नाव काय दिलं बघा: 'अल्मिरांते लातोरे'. हुआन होसे लातोरे म्हणजे आंगामोसला 'कोक्रेन' या चिलखती नौकेचे कप्तान. कोक्रेनचा गोळा वास्करच्या कप्तानाच्या मनोऱ्यावर बसला, त्यातच ग्राउ गेले.

थोडक्यात, १९७३ ते १९८४ या काळात प्रशांत किनाऱ्यावर एका देशाची 'ग्राउ' आणि दुसऱ्याची 'लातोरे' उभी होती, आणि दोघींच्या डेकवर बोफोर्सच्याच घरातल्या १५२ मिलिमीटरच्या तोफा.

शिडातला_वारा

बाप रे. हे कुठल्याच यादीत सापडलं नसतं.

प्राजक्ता_नि

लातोरे हे नावही असंच फिरतं आहे. आधी १९२० ची युद्धनौका, जी पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडे 'कॅनडा' होती. मग ही स्वीडिश क्रूझर. मग १९८६ ला ब्रिटिश विनाशिका 'ग्लॅमॉर्गन', जिने १९८२ ला फॉकलंडमध्ये एक्झोसेत क्षेपणास्त्र झेललं होतं. मग डच फ्रिगेट, आणि आता ऑस्ट्रेलियाकडून घेतलेली 'मेलबर्न'. चार देशांची लोखंडं आणि नाव एकच.

त्याहून जुनं 'एस्मेराल्दा'. १८७९ च्या २१ मे ला इकिकेला ग्राउंच्या वास्करने टकरा देऊन बुडवली ती लाकडी कॉर्वेट. नाव बुडालं नाही: १८८३ ला आर्मस्ट्राँगने बांधलेली क्रूझर याच नावाची, ती १८९४ ला जपानला विकली तेव्हा 'इझुमी' झाली आणि १९०५ ला त्सुशिमाला रशियन ताफ्यावर नजर ठेवून होती. आज चिलीचं शिडांचं प्रशिक्षण जहाज एस्मेराल्दाच, काडिझला बांधलेलं, १९५४ पासून सेवेत.

आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. इकिकेच्या लढाईत एस्मेराल्दाचे कप्तान आर्तुरो प्रात वास्करच्या डेकवर उडी मारून चढले आणि तिथेच पडले. ग्राउंनी बुडत्या एस्मेराल्दाचे खलाशी पाण्यातून काढले. २ जून १८७९ ला प्रात यांच्या पत्नी कार्मेला कार्वाहाल यांना पत्र लिहिलं, प्रात यांची तलवार आणि अंगावरच्या वस्तू सोबत पाठवल्या. चार महिन्यांनी ग्राउ त्याच जहाजावर गेले. वास्कर चिलीने पकडली, पण तिचं नाव बदललं नाही. आज ती ताल्काहुआनोला संग्रहालय आहे आणि दोघांनाही तिथे सारख्याच मानाने वागवतात. 'समुद्रावरचा सज्जन' असं ग्राउंना म्हणतात ते उगाच नाही.

दर्याकिनारा

सगळं ठीक आहे, पण माझं मत वेगळं. नाव असं एका जहाजावरून काढून दुसऱ्यावर लावणं मला पटत नाही. न्यूफाउंडलंड साडेतेरा वर्षं ग्राउ म्हणून राहिली. तिच्यावर काम केलेल्या माणसांचं काय? एका सकाळी त्यांचं जहाज किन्योनेस. आपल्याकडे असं होत नाही. पहिली 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, दुसरी २ सप्टेंबर २०२२ ला आली. पंचवीस वर्षं नाव थांबलं, पण कोणाच्या अंगावरून ओरबाडलं नाही.

मचवा

दर्याकिनारा, भावना कळते. पण पेरूचं गणित वेगळं आहे. त्यांच्याकडे ग्राउ हे ध्वजनौकेचं नाव. ताफ्यातलं सगळ्यात बळकट जहाज बदललं की नावही हलणार. नाव तसंच ठेवलं असतं तर ताफ्याचा प्रमुख दे राउटरवर आणि ग्राउ बाजूला दुय्यम, असं चित्र झालं असतं. ते त्यांना नको होतं.

जोडीच्या बाबतीत मात्र आपलं आणि त्यांचं साम्य आहे. आपल्या पहिल्या दोन क्रूझर 'दिल्ली' आणि 'म्हैसूर'. दिल्ली म्हणजे रिव्हर प्लेटच्या लढाईतली 'अकिलीस'. म्हैसूर म्हणजे 'नायजेरिया', न्यूफाउंडलंडच्याच क्राउन कॉलनी घराण्यातली. दोन्ही गेल्यावर माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विनाशिकांना तीच नावं: दिल्ली १९९७, म्हैसूर १९९९.

दीपमाळ

म्हैसूरचं नाव निघालं म्हणून. १८ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्तीच्या कारवाईत अंजदीव बेटावर 'म्हैसूर' आणि 'त्रिशूल' होत्या. दिल्ली त्या वेळी दीवला. ज्यांनी म्हैसूरचे फोटो बघितलेत त्यांना पेरूची १९६० च्या दशकातली ग्राउ ओळखायला वेळ लागणार नाही: तीच सरळ उभी धुराडी, तीच नऊ नळ्यांची मांडणी. फरक एवढाच की नायजेरियाला मुळात चार टरेट, बारा नळ्या होत्या, एक टरेट युद्धातच काढली. न्यूफाउंडलंडच्या उपवर्गाला बांधतानाच तीन.

अजून एक धागा. भारतात येण्याआधी म्हैसूरची मोठी डागडुजी बर्कनहेडला कॅमेल लेअर्डकडे झाली आणि २९ ऑगस्ट १९५७ ला ती तिथेच आपल्या नौदलात दाखल झाली. बर्कनहेडच्या त्याच लेअर्डने १८६५ ला वास्कर बांधली होती. जलावतरणाची तारीख ७ ऑक्टोबर. ग्राउ तिच्यावर गेले ते ८ ऑक्टोबरला.

दर्याकिनारा

मचवा, ध्वजनौकेचा मुद्दा मान्य. नाव हलवणं अजूनही बोचतं, पण त्यामागे हेळसांड नव्हती हे कळलं.

नाखवा

धागा उशिरा वाचला. तिसऱ्या फोटोवरून सगळे फार लवकर पुढे गेलात. सुकाणू, ती ओळ खोडायला सांगितलीत, ती खोडू नका. जहाज आगिरे आहे हे खरं, आणि फोटोखालचं 'अल्मिरांते ग्राउ, १९८७' हेही खरं.

झालं असं. १९८५ ला ग्राउ, म्हणजे पूर्वीची दे राउटर, मोठ्या आधुनिकीकरणासाठी ॲमस्टरडॅमला नेली. रडार, तोफांची नेमबाजी करणारी यंत्रणा, सगळं नवं सिग्नाल कंपनीचं. काम लांबणार हे उघड होतं. ध्वजनौका नाव घेऊन परदेशी गोदीत सुटी होऊन पडली तर कायाओला ताफ्यात ग्राउच नाही! म्हणून १९८६ ला गोदीतल्या जहाजाचं नाव काढलं आणि तिला नुसतं 'प्रोयेक्तो ०१' म्हटलं, म्हणजे प्रकल्प क्रमांक एक. ग्राउ हे नाव तेवढ्यापुरतं आगिरेला दिलं. १९८८ ला जहाज परत आल्यावर नाव परत तिच्याकडे, आणि आगिरे पुन्हा आगिरे.

म्हणून १९८६ ते ८८ दरम्यान ग्राउ म्हणजे मागे हँगर असलेलंच जहाज. त्या दोन वर्षांतला चार टरेटचा ग्राउचा फोटो कोणी दाखवला तर त्याच्यावर शंका घ्या.

सुकाणू

नाखवा, चूक माझी. जहाजाची बांधणी बघितली, तारीख बघितली नाही. काठावरचा, खोडलं असेल तर परत लिहा.

काठावरचा

म्हणजे जो फोटो चूक वाटत होता तो बरोबर, आणि जो बरोबर वाटत होता त्यात चूक!

मग एकूण जहाजं किती धरायची? चार की पाच?

नाखवा

नाव अंगावर असलेली सांगाडी मोजायची तर पाच: १९०७ ची व्हिकर्स, न्यूफाउंडलंड, दे राउटर, दोन वर्षांपुरती दे झेव्हेन प्रोव्हिन्सियन, आणि २०१७ ची फ्रिगेट. कायम नाव मिळालेली मोजायची तर चार. तीन लिहिलेली यादी २०१७ च्या आधीची असणार. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, फक्त काय मोजलं ते शेजारी लिहायला हवं.

डच बाजूलाही अशीच अदलाबदल होती. दे राउटरचा सांगाडा सप्टेंबर १९३९ ला घातला तेव्हा तिचं ठरलेलं नाव 'दे झेव्हेन प्रोव्हिन्सियन' होतं. फेब्रुवारी १९४२ ला जावा समुद्राच्या लढाईत जुनी दे राउटर बुडाली, पुढे ते नाव या जहाजाला आलं आणि दे झेव्हेन प्रोव्हिन्सियन बहिणीकडे गेलं. दे राउटर हे डच दर्यासारंग, दे झेव्हेन प्रोव्हिन्सियन ही त्यांची सतराव्या शतकातली ध्वजनौका. पेरूत आल्यावर एक झाली ग्राउ, दुसरी आगिरे. एलियास आगिरे हे वास्करवरचे अधिकारी, ग्राउंच्याच दिवशी त्याच डेकवर पडले. दोन्ही देशांत या बहिणींना एकमेकांशी बांधलेलीच नावं मिळाली.

शिडातला_वारा

आगिरेचं पुढे काय झालं?

तांडेल

१९९९ पासून उभीच होती. ग्राउ चालत राहिली. ॲमस्टरडॅमचं काम पैशांअभावी आखडतं घ्यावं लागलं आणि उरलेलं कायाओला सिमा गोदीत केलं. नंतर तिच्यावर आठ ओतोमात जहाजविरोधी क्षेपणास्त्रं चढली, म्हणून तिचा क्रमांक सीएलएम-८१, त्यातला एम क्षेपणास्त्राचा. चौथा फोटो १९९५ चा आहे तर त्यात बघण्यासारखं हे: दोन-दोन नळ्यांच्या मूळच्या ५७ मिलिमीटर तोफा आधुनिकीकरणात गेल्या. ५७ च्या टरेट दिसत असतील तर फोटो १९८५ च्या आधीचा. नवीन रडारच्या थाळ्या असतील तर नंतरचा. चार मोठ्या टरेट दोन्हीत सारख्याच, त्यावरून काळ ठरवता येत नाही.

२०१७ ला ती गेली तेव्हा तोफा हेच मुख्य शस्त्र असलेली सेवेतली जगातली शेवटची क्रूझर होती. रशियाकडे क्रूझर आहेत, पण त्या क्षेपणास्त्रांसाठी बांधलेल्या.

काठावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता चार ओळी अशा लिहितोय:

१. अल्मिरांते ग्राउ (१९०७ ते १९५८), व्हिकर्स, बॅरो. फोटो १९१०.
२. तीन टरेटची क्रूझर. मे १९७३ आधीचा फोटो असल्यास अल्मिरांते ग्राउ (पूर्वीची न्यूफाउंडलंड), नंतरचा असल्यास कापितान किन्योनेस. बहीण बोलोन्येसी असण्याची शक्यता तपासायची.
३. अल्मिरांते ग्राउ (तात्पुरतं नाव, १९८६ ते १९८८), एरवी आगिरे, पूर्वीची दे झेव्हेन प्रोव्हिन्सियन.
४. अल्मिरांते ग्राउ (१९७३ ते २०१७, मधली दोन वर्षं प्रोयेक्तो ०१), पूर्वीची दे राउटर. ५७ च्या तोफा बघून काळ ठरवायचा.

पाचव्या, म्हणजे फ्रिगेटचा फोटो आता शोधतो.

मचवा

उत्तम. पहिल्या ओळीत एवढं बघा की ती बोलोन्येसी नाही. त्या जोडीत ग्राउ ध्वजनौका म्हणून बांधली, तिची पिछाडी एक मजला उंच आहे. बोलोन्येसीची सपाट.

नाखवा

फ्रिगेटचा फोटो शोधताना उलटी अडचण येईल म्हणून आत्ताच सांगतो. क्रूझरांच्या वेळी नाव नव्या जहाजावर जायचं. २०१७ ला नवं जहाज आलंच नाही. ताफ्यात १९८४ पासून असलेली 'मोन्तेरो', इटालियन आराखड्याच्या लुपो वर्गाची, सिमाने कायाओलाच बांधलेली, तिचंच नाव बदलून अल्मिरांते ग्राउ केलं. क्रमांक एफएम-५३ तोच राहिला. त्यामुळे बाजूला ५३ दिसलं म्हणून ग्राउ लिहू नका; सप्टेंबर २०१७ च्या आधीचं ५३ म्हणजे मोन्तेरो.

आणि पेरूकडे लुपो दोन तऱ्हेच्या आहेत. मूळ मागवून बांधलेल्या चार, आणि नंतर इटलीकडून घेतलेल्या जुन्या चार. इटालियन चारांचं हँगर दुर्बिणीसारखं आत-बाहेर सरकतं, मूळच्या चारांचं पक्कं बांधलेलं आहे. मोन्तेरो मूळच्या चारांतली, म्हणून पक्कं हँगर हवं. इटलीहून आलेल्या चारांतल्या तिघींची नावं वाचून चकू नका: आगिरे, बोलोन्येसी आणि किन्योनेस.